लताबाईंचे एकाहत्तर टक्के

नाशिकरोडला जेलरोडच्या अंगाला पंचशील कॉलनी आहे. तिथल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवा आणि विचारा, लताकाकूंना दहावीला किती टक्के होते? पोरगं डोळे चोळत सांगेल, एकाहत्तर. त्याला साताचा पाढा येणार नाही, पण हे येईल.

आता, हे एकाहत्तर टक्के लताबाईंना कधीच मिळाले नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खरे होते त्रेचाळीस. गणितात तर काठावरचे पस्तीस, आणि तेही तपासणाऱ्याला दया आली म्हणून, असं त्यांचं त्यांनाच वाटायचं. त्या वर्षी विंचूरला त्या आईबरोबर, म्हणजे कुसाबाईबरोबर, कांद्याच्या खळ्यावर निवडायला जात. सकाळी खळं, दुपारी शाळा. परीक्षेत शेजारच्या बाकावरच्या पोरीने नाकाला रुमाल लावला होता, कारण हाताचा वास साबणाने जातो थोडाच! तरी पोरगी पास झाली. कुसाबाईने खळ्यावरच्या सगळ्या बायांना गूळ वाटला. त्या त्रेचाळीसमध्ये लाज वाटावी असं काहीसुद्धा नव्हतं.

मग एकाहत्तर आले कुठून? आले ते संघर्षमुळे. हा लताबाईंचा एकुलता एक मुलगा. सहावीत असताना गणितात आपटला आणि वही भिंतीवर फेकून म्हणाला, मला नाही जमणार, आपल्या घरात कधी कुणाला जमलंय? लताबाईंचे हात कणकेत होते. हे वाक्य त्यांना असं लागलं की बस्स. पोरगं नापास झालं त्याचं काही नाही, पण 'आपल्या घरात कुणाला' म्हणजे काय? तोंडातून निघून गेलं, मला जमलंय की, दहावीला एकाहत्तर टक्के होते मला. सत्तर म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं, म्हणून वर एक लावला.

पोराने वही उचलली. पुढच्या परीक्षेत पासही झाला. झालं, त्या दिवसापासून एकाहत्तर टक्क्यांनी घरात बिऱ्हाड केलं.

आणि घरात राहिले असते तर एक वेळ ठीक होतं. पण लताबाईंचे यजमान सहादूभाऊ महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन, गल्लीगल्लीत फिरणारा माणूस, आणि बायकोचं कौतुक सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. कॉलनीत बातमी पसरली. मग आयाबाया आपली पोरं घेऊन यायला लागल्या, जरा बसवा हो याला अभ्यासाला, तुमचं ऐकेल. त्यातून विहारात संध्याकाळची अभ्यासिका सुरू झाली. सतरंजीवर पोरं, समोर लताबाई, आणि पोरांचे सगळे मोबाइल स्टीलच्या डब्यात बंद. शिकवत त्या काही नसत, नुसत्या बसत. पण बसत अशा की वहीतून मान वर काढायची कुणाची टाप नव्हती. किती पोरं तिथून पास होऊन गेली. संघर्ष पुण्याला शिकून इंजिनिअर झाला, तिथेच कंपनीत लागला. आपलं खोटं इतक्यांच्या कामी आलं, तर असू दे, अशी लताबाईंनी मनाची समजूत घातली होती.

एवढ्या वर्षांत सतरंजीवरून उठून गेलेलं पोर विरळंच. अलीकडे गेली ती भिमाबाईची राखी. पोरगी नववीत. शाळेची घटक चाचणी झाली आणि त्यानंतर तिचं येणंच थांबलं. कधी पोट दुखतंय, कधी पाहुणे आलेत. लताबाईंनी भिमाबाईला सुनावलं की पोरीला मोबाइलचा नाद लागलाय, लक्ष ठेव.

लताबाई स्वतः अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. सेविका व्हायचं तर बारावी पाहिजे, असं मागे एकदा मीटिंगमध्ये कळलं, आणि तेव्हापासून त्यांच्या मनाने उचल खाल्ली. अर्थात सेविकापद हा लोकांना सांगायचा भाग झाला. खरं म्हणजे त्यांना कॉलेजात जायचं होतं. बाकावर बसायचं होतं, हजेरीला 'हजर' म्हणायचं होतं. दहावीनंतर कुसाबाईचा हात मशिनीत सापडला आणि त्यांचं कॉलेज राहिलं ते राहिलंच. शहरातल्या एका कॉलेजात अकरावीचा संध्याकाळचा वर्ग भरतो, मोठ्या माणसांनाही घेतात, हे कळल्यावर त्यांनी भीतभीत संघर्षला फोनवर सांगितलं. पोरगा एवढा खूश झाला की विचारू नका. म्हणाला, आई, फॉर्म मी भरतो, तू काही बघू नकोस.

तर हा फॉर्म. नुकत्याच पास झालेल्या पोरांचे गुण कॉलेजच्या संगणकाला आपोआप कळतात. जुन्या लोकांचं तसं नाही. त्यांनी आपले गुण आपणच भरायचे, आणि प्रवेशाच्या दिवशी मूळ निकालपत्र दाखवायचं. संघर्ष पुण्याहून फोनवर एकेक विचारत गेला. जन्मतारीख, आधार, शाळेचं नाव, पास झाल्याचं साल. लताबाई उत्तरं देत होत्या, पण पुढचा प्रश्न त्यांना माहीत होता. आता विचारेल, मग सांगून टाकू. त्यांनी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

त्याने विचारलंच नाही. म्हणाला, चला, सबमिट झाला.

लताबाईंनी हळूच विचारलं, आणि मार्क रे? तो हसला. म्हणाला, ते काय विचारायचं, मला माझे एक वेळ आठवणार नाहीत, तुझे पाठ आहेत.

फोन ठेवून लताबाई पाटावर बसल्या त्या बसल्याच. गॅसवरचं दूध उतू गेलं.

पुढे यादी लागली आणि काय सांगावं! बहुतेक सगळे चाळिशी-पन्नाशीतले अर्जदार त्या वर्गाला. लताबाईंचं नाव सगळ्यात वर. संघर्षने यादीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कॉलनीच्या ग्रुपवर गेला, आणि संध्याकाळी जयंती मंडळाचा दिनेश दारात हजर. काकू, तुमचा चांगला फोटो द्या, कोपऱ्यावर फ्लेक्स लावायचाय. लताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. प्रवेश तर होऊ दे आधी, असं सांगून त्यांनी त्याला कसाबसा परत पाठवला. खोटं स्वयंपाकघरात बोललं होतं, ते आता चौकात उभं राहायला निघालं होतं.

सहादूभाऊ जेवायला बसले तेव्हा त्या म्हणाल्या की कॉलेज राहू देऊ, गुडघे दुखतात, बस मिळत नाही, या वयात लोक हसतील. सहादूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला आणि तिथेच धरून ठेवला.

"लता, त्रेचाळीस हायेत म्हणून नको म्हणतीस ना?"

लताबाईंना वाटलं, आपल्याला भास झाला. पण भास कसला! हा माणूस विंचूरला त्यांना बघायला आला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी निकालपत्र कौतुकाने त्याच्या हातात दिलं होतं, हे त्या साफ विसरल्या होत्या. म्हणजे इतकी वर्षं, गल्लीगल्लीत एकाहत्तर सांगत फिरताना, याला सगळं माहीत होतं. लताबाईंना राग यावा की रडू यावं हेच कळेना. कधी बोलला का नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, तू सांगताना लय ऐटीत सांगायचीस, बघायला बरं वाटायचं.

मग त्यांनी विचारलं, आता मी काय करू? दोघांनाही दिसत होतं की वाटा दोनच आहेत. कॉलेज सोडलं तर निकालपत्र कुणाला दाखवायला नको, एकाहत्तर जन्मभर शाबूत. कॉलेजात जायचं तर तो कागद खिडकीवर ठेवायचा, आणि शेजारी संघर्ष उभा असणार. त्याने मुद्दाम रजा टाकली होती. आईला कॉलेजच्या दारातून आत न्यायला तो पुण्याहून येणार होता.

लोकांचं लताबाईंनी बघून घेतलं असतं. भीती होती ती पोराची. त्याच्या नजरेत आपण उतरलो तर? ज्या आईचा शब्द धरून तो एवढा वर गेला, तो शब्दच पोकळ होता हे कळल्यावर तो काय म्हणेल? त्यांना जेवण गोड लागेना. कपाटातल्या साड्यांखालून त्यांनी निकालपत्र काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. शेवटी ते पिशवीत घातलं ते एवढ्याचसाठी की त्यांना बाकावर बसायचं होतं. ती इच्छा काही केल्या मरत नव्हती.

संघर्ष सकाळच्या गाडीने आला. आईसाठी नवी पर्स आणली होती, आत एक पेनसुद्धा. रिक्षात तो एकसारखा बोलत होता, आणि लताबाई प्रत्येक सिग्नलला ठरवत होत्या की आता सांगू. सिग्नल सुटत होते.

कॉलेजात खिडकीपुढे रांग होती. बहुतेक बायाच. कुणी भाजीवाली, कुणी दवाखान्यात आया, एक तर सुनेला घेऊन आली होती. सगळ्या नटूनथटून आलेल्या. लताबाईंचा नंबर आला. आतल्या मॅडमनी निकालपत्र घेतलं, संगणकाकडे पाहिलं, पुन्हा निकालपत्राकडे पाहिलं.

म्हणाल्या, इथे एकाहत्तर भरलेत. कागदावर त्रेचाळीस आहेत.

संघर्षने वाकून कागद पाहिला. लताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यांना धीरच झाला नाही. पण पुढच्या क्षणी त्यांना त्याचा आवाज ऐकू आला. अगदी शांतपणे तो सांगत होता, सॉरी मॅडम, फॉर्म मी भरलाय, टाइप करताना चूक झाली माझी.

मॅडम कामात मुरलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, अहो, चुकला तर एखादा आकडा चुकतो, इथे एकही जुळत नाही. खोटे गुण भरले तर अर्ज रद्द करायचा नियम आहे आमचा, फॉर्मखाली खरं भरल्याची कबुली दिलीत ना तुम्ही? संघर्ष तरीही तेच म्हणत राहिला, माझीच चूक, माझीच. कान लाल झाले होते त्याचे. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसेच.

ते कान पाहिले आणि लताबाईंना राहवेना. आपलं झाकायला पोरगं परक्या बाईपुढे मान खाली घालून उभं आहे, आणि आपण गप्प!

"मॅडम, त्याची चूक नाही," त्या म्हणाल्या. "अभ्यासाला बसावा म्हणून मीच त्याला लहानपणापासून एकाहत्तर सांगितलेत. त्याने बिचाऱ्याने पाठ होतं ते भरलं. माझे त्रेचाळीसच आहेत."

रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, दुरुस्तीचा अर्ज लिहा, स्वतःच्या हाताने, कारणासकट, प्राचार्यांना दाखवते. लताबाईंनी नव्या पर्समधलं पेन काढलं. खिडकीच्या कठड्यावर वाकून, जे तोंडाने सांगितलं तेच लिहिलं. काना-मात्रा जपत, हळूहळू. कॉलेजात लिहिलेली त्यांची ही पहिली ओळ.

मॅडम अर्ज घेऊन आत गेल्या आणि परत आल्या त्या शिक्का मारूनच. प्रवेश रद्द नाही, पण यादीत नाव पार खाली जाईल, म्हणाल्या. तरी काळजी नको, या वर्गाच्या जागा कधी भरत नाहीत. आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, माझी आई फर्स्ट क्लास सांगते, घरी जाऊन आता कागद बघितला पाहिजे.

बाहेर आल्यावर संघर्ष थेट फाटकाकडे निघाला. फाटकापाशी उसाच्या रसाचं दुकान होतं. तो आत जाऊन बसला, मागोमाग लताबाई बसल्या. रस आला. घुंगरांचा चरक खळखळत होता, आणि हा मुलगा पेल्याकडे बघत बसलेला. लताबाईंनी मनाची तयारी केली. बोलू दे, ओरडू दे, त्याचा हक्कच आहे.

"आई, एका वर्षी मी जयंतीला आलो नव्हतो. आठवतं?"

न आठवायला काय झालं! पुण्यातलं त्याचं पहिलं वर्ष. लताबाईंनी त्याच्यासाठी पांढरा शर्ट आणून, इस्त्री करून खुंटीला टांगून ठेवला होता. मिरवणूक दारावरून गेली तरी त्या सारख्या रस्त्याकडे बघत होत्या. शर्ट पुढे कितीतरी दिवस तसाच टांगलेला होता.

"तुझी परीक्षा होती ना," त्या म्हणाल्या.

"परीक्षा नव्हती. निकाल लागला होता. तीन विषय गेले होते माझे. गणितपण."

"मग मला सांगायचं नाही का रे?"

"तुला कसं सांगणार? तुला एकाहत्तर होते."

तो रागाने बोलला नव्हता. साधं, जे होतं ते सांगितलं, आणि म्हणूनच ते लताबाईंच्या काळजात जाऊन बसलं. इतके दिवस त्या घाबरत होत्या की खोट्याची शिक्षा आता मिळेल. ती पोराने कधीच भोगून टाकली होती. परक्या गावात, हॉस्टेलच्या खोलीत, एकट्याने. आणि आपण इकडे शेजारणींना सांगत होतो की पोरगा अभ्यासात इतका बुडालाय की जयंतीलाही आला नाही! त्यांचे डोळे भरून आले. खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"जेवत होतास का तेव्हा नीट?"

संघर्षला हसू आलं. हसता हसता त्याचेही डोळे ओले झाले. म्हणाला, जेवत होतो गं, आणि विषयही सुटले पुढे सगळे. पण त्या दिवसांत घरी फोन लावायचो, तू उचलायचीस, आणि मी काहीतरी दुसरंच बोलायचो. लताबाईंनी त्याचा हात धरला. लोक बघत होते, बघेनात का. चुकलं रे माझं, त्या म्हणाल्या. तो म्हणाला, त्या एकाहत्तरांनीच मला सहावीतून बाहेर काढलं, ते कसं विसरू? मग नाक पुसून त्याने विचारलं, पण गणितात नेमके पस्तीस कसे काय पाडलेस? लताबाई म्हणाल्या, एक प्रमेय घोकलं होतं, नेमकं तेच आलं. दोघंही इतकी हसली की रसवाला बघायला लागला.

परत येताना रिक्षात मात्र लताबाई एकदम गप्प झाल्या. संघर्षला वाटलं, दमल्या असतील. दमल्या नव्हत्या. तुला कसं सांगणार, हे त्याचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, आणि त्यामागून कुणाचं तरी पोट दुखत होतं, कुणाकडे तरी पाहुणे येत होते. सतरंजीवरची एक रिकामी जागा दिसत होती, जिथे एक पोरगी बसायची. मोबाइलचा नाद लागलाय म्हणे! काय पण बाई आपण!

कॉलनीच्या कोपऱ्यावर त्यांनी रिक्षा थांबवली. संघर्षला म्हणाल्या, तू घरी जा, पप्पा वाट बघतायत, आणि दिनेश दिसला तर सांग, फ्लेक्स लावायचाच असेल तर त्रेचाळीस लाव म्हणावं. पिशवी काखोटीला मारून त्या थेट भिमाबाईच्या दाराशी गेल्या.

भिमाबाई कामावर गेली होती. राखी एकटीच तांदूळ निवडत बसली होती. काकूंना बघून पोरीचा चेहरा उतरला. उठून उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागली. आता पोट दुखतंय म्हणायची सोय नव्हती.

लताबाई उंबऱ्यावरच टेकल्या.

"राखी, चाचणीचा पेपर आण. गणिताचा."

राखी हलेना. डोळ्यांत पाणी जमा व्हायला लागलं.

"बरं, आधी माझा बघ," लताबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून निकालपत्र काढून त्यांनी तिच्या हातात दिलं.

राखीने ते दोन्ही हातांनी धरलं. नाव वाचलं. मग बोट एकेका विषयावरून खाली सरकत गेलं, आणि गणितापाशी थांबलं. तिने पुन्हा वाचलं. मग मान वर करून काकूंच्या तोंडाकडे पाहिलं, खूप वेळ, ओळख नव्याने पटवून घेत असल्यासारखं.

ती आत गेली. गादीच्या खालून, तेही अगदी भिंतीकडच्या बाजूने, बारीक घडी केलेला एक कागद तिने ओढून काढला. तो घेऊन दाराशी आली तेव्हा लताबाई उंबऱ्यावर थोड्या सरकून, तिच्यासाठी जागा करून बसल्या होत्या.